दुरुस्तीची वाट वेगळी हवी : सिरियल कन्सोल आणि एक स्वस्त पेटी



आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी आम्हाला विचारलं, 'सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. हे राउटरचं आणि वायरींचं काय काढलंत?' प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर बोलण्याच्या ओघात मिळेल. सुरुवात मात्र एका चुकीपासून करतो, आणि ती चूक आमची स्वतःची आहे.

निवृत्तीनंतर आम्ही गणपतीपुळ्यात राहायला आलो. इथे एक वाचनालय, एक शाळा आणि शेजारची सात-आठ घरगुती निवासं यांनी मिळून इंटरनेटची एक जोडणी घेतलेली आहे. मुख्य राउटर वाचनालयाच्या कपाटात असतो. पगारी माणूस कोणी नाही. गावातला एक तरुण आणि आम्ही, असे दोघे मिळून हे सगळं बघतो. जुलैतली रात्र होती, पाऊस धो धो. आम्ही घरी बसून राउटरच्या फायरवॉलमधला एक नियम बदलायला घेतला. बाहेरून येणारी नको ती वाहतूक अडवायची होती. एन्टर दाबलं आणि पडदा गोठला. नियम अगदी चोख लागू झाला होता. फक्त अडवलेल्या मंडळींत आम्हीही होतो, आणि सगळा गावही.

त्या तरुणाला फोन केला. तो म्हणाला, 'सर, तुम्ही बसा, मी जाऊन येतो.' वाटेत झाडाची फांदी पडलेली होती, अंधारात दिसली नाही, स्कूटर घसरली. मनगटाचं हाड मोडलं. सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये होता. वाचनालयात पोचला असता तर त्याला काम किती होतं? एक निळी वायर लॅपटॉपला लावायची, दोन ओळी टाइप करायच्या. मिनिटभराचं काम. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ते केलं, आणि करताना मान वर करून बघवेना. आज ज्या पेटीबद्दल बोलायचं आहे, ती त्या मनगटापायी जन्माला आली.

निळी वायर म्हणजे काय?

राउटर, स्विच, फायरवॉल अशा बहुतेक व्यावसायिक उपकरणांवर एक वेगळं भोक असतं. त्यावर 'कन्सोल' असं लिहिलेलं असतं. दिसायला ते नेटवर्कच्या भोकासारखंच, आरजे-४५ प्रकारचं असतं, म्हणून पुष्कळ लोक त्यात साधी लॅनची वायर खुपसतात आणि 'चालत नाही' म्हणतात. चालणार नाहीच. त्या भोकातून नेटवर्क वाहत नाही. तिथे एक वेगळी, फार जुनी भाषा बोलली जाते. तिचं नाव आरएस-२३२.

हे मानक अमेरिकेत १९६० साली ठरलं आणि १९६९ साली त्याची 'सी' आवृत्ती आली. त्यात एका तारेवर एकामागून एक बिट पाठवतात, म्हणून 'सिरियल'. उणे ३ ते उणे १५ व्होल्ट म्हणजे एक, अधिक ३ ते अधिक १५ व्होल्ट म्हणजे शून्य. झालं व्याकरण. वेग मोजायचं एकक बॉड. हे नाव एमिल बोदो या फ्रेंच तारयंत्र-अभियंत्यावरून पडलेलं. आपल्याकडची तार २०१३ च्या जुलैत बंद झाली, पण तिचा वंश असा राउटरच्या पाठीवर अजून नांदतो आहे. लिनक्स वापरणाऱ्यांना 'टीटीवाय' ही अक्षरं ठाऊक असतील. ती टेलिटाइपची, म्हणजे कागदावर खडखड करत छापणाऱ्या टेलिप्रिंटरची खूण आहे.

पुष्कळ उपकरणांत ठरलेला वेग असतो ९६००. एका अक्षरासाठी आठ बिट, आधी सुरुवातीचा एक, नंतर शेवटाचा एक, असे दहा. म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं. आजच्या मानाने ही गोगलगाय झाली. पण माणूस सेकंदाला दहा अक्षरंही टाइप करत नाही, तेव्हा आपल्याला पुरून उरते. काही उपकरणांत, उदाहरणार्थ मायक्रोटिकच्या राउटरांत, हा वेग १,१५,२०० असतो. वेग चुकला तर पडद्यावर चित्रविचित्र चिन्हं येतात. घाबरू नये, वेग बदलून बघावा.

या जुनाट भोकाचं महत्त्व एवढं का? कारण ते कशावरही अवलंबून नाही. त्याला आयपी पत्ता लागत नाही, मार्ग लागत नाही, डीएनएस लागत नाही. फायरवॉलचे नियम त्याला शिवत नाहीत. उपकरण चालू होताना अगदी पहिल्या क्षणापासून ते काय पुटपुटतं आहे ते इथे दिसतं. नेटवर्क पूर्ण मेलेलं असलं तरी, विजेचा पुरवठा आहे आणि आतला मेंदू शाबूत आहे, तोवर या वायरीवर ते बोलतं.

चार जुने दोष

आता आमच्या प्रांतात येतो. न्यायशास्त्रात युक्तिवादाचे दोष सांगताना चार नावं घेतात : आत्माश्रय, अन्योन्याश्रय, चक्रक आणि अनवस्था. स्वतःच्याच आधारावर उभं राहणं हा आत्माश्रय. दोघांनी एकमेकांच्या आधारावर उभं राहणं हा अन्योन्याश्रय. तिघा-चौघांनी गोल करून एकमेकांना धरणं हे चक्रक. आणि आधाराला आधार, त्याला आणखी आधार, असं कधीच न संपणं ही अनवस्था. आम्ही चाळीस वर्षं हे फळ्यावर लिहिलं. नेटवर्क सांभाळायला लागल्यावर कळलं, की हे चारही दोष लोखंडी कपाटात बसून असतात.

राउटर दुरुस्त करायचा, तोही त्याच राउटरमधून आत शिरून, हा आत्माश्रय. त्या पावसाळी रात्री आमच्या हातून तोच घडला. बोटाच्या टोकाला स्वतःला स्पर्श करता येत नाही, हे आपल्या आचार्यांनी फार पूर्वी सांगून ठेवलं आहे.

राउटरचा पासवर्ड इंटरनेटवरच्या एखाद्या तिजोरीत ठेवला, तर नेटवर्क दुरुस्त करायला पासवर्ड हवा आणि पासवर्ड मिळायला नेटवर्क हवं. हा अन्योन्याश्रय. पासवर्ड कागदावर लिहून बंद पाकिटात, कुलपात ठेवा. यात मागासलेपणा काही नाही.

चक्रक जरा लबाड असतं, त्याच्याकडे पुढे येऊ.

हे दोष लहान गावापुरते आहेत असं समजू नका. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम जगभर सुमारे सहा तास बंद पडले. कंपनीने नंतर स्वतःच खुलासा केला : नेहमीच्या देखभालीत दिलेल्या एका आज्ञेने त्यांच्या डेटा सेंटरांना जोडणारा कणाच तुटला. चुकीची आज्ञा अडवणाऱ्या तपासणीच्या साधनातही दोष होता. दुरुस्तीसाठी ठेवलेली वेगळी वाटही तेव्हा चालली नाही, म्हणून अभियंत्यांना प्रत्यक्ष तिथे पाठवावं लागलं. दुसरं उदाहरण कॅनडाचं. ८ जुलै २०२२ रोजी रॉजर्स या कंपनीचं जाळं देशभर कोसळलं. त्यांचं व्यवस्थापनाचं जाळं मुख्य जाळ्यावरच विसंबून होतं. मुख्य पडल्यावर कर्मचाऱ्यांना आपल्याच उपकरणांत शिरता येईना. एवढ्या मोठ्या कंपन्यांची ही गत, तर वाचनालयाच्या कपाटाचं काय?

कोकणात 'वेगळी वाट' म्हणजे काय?

मोठ्या डेटा सेंटरांत यासाठी कन्सोल सर्व्हर नावाचं यंत्र असतं. एका बाजूला सोळा, बत्तीस किंवा अठ्ठेचाळीस सिरियल भोकं, दुसऱ्या बाजूला एक स्वतंत्र नेटवर्क जोडणी. लांबून त्या यंत्रात शिरायचं आणि हव्या त्या उपकरणाच्या निळ्या वायरीवर जाऊन बसायचं. पूर्वी याच कामाला टेलिफोनचा मोडेम लावत. रात्री दोन वाजता नंबर फिरवला की मोडेम उचलायचा. तांब्याच्या तारेवरचा तो फोन गावची वीज गेली तरी एक्स्चेंजच्या बॅटरीवर चालायचा. आता ती तारच बहुतेक ठिकाणी गेली.

आज तिच्या जागी मोबाइलचं सिम येतं. पण इथे एक क्षण थांबा. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, आपल्या जिल्ह्यातल्या दापोली आणि मंडणगडला त्याने झोडपलं, तेव्हा वीज आणि मोबाइल एकदम गेले. मे २०२१ मध्ये तौक्ते किनाऱ्याला समांतर वर सरकलं. त्याच वर्षी २२ जुलैला वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडालं, तेव्हाही माणसं आपल्या माणसांना फोन लावत बसली होती. याचा धडा असा, की दोन कंपन्यांची दोन सिमं घेतली म्हणजे दोन वाटा झाल्या असं होत नाही. दोन्ही कंपन्यांचे अँटेना पुष्कळदा एकाच मनोऱ्यावर असतात, त्याच डिझेलवर चालतात, त्यांची केबल त्याच रस्त्याच्या कडेने जाते. नावं दोन, कारण एकच.

तेव्हा आपण विचारायचं, 'पहिली वाट ज्या कारणाने बंद पडेल, त्याच कारणाने दुसरी पडेल का?' आमच्या चुकीच्या नियमाने सिम बंद पडलं नसतं, म्हणून त्या संकटाला ते पुरेसं आहे. महावादळाला ते पुरणार नाही. ही गोष्ट स्वतःशी कबूल करूनच पुढे जावं.

आमची पेटी

व्यावसायिक कन्सोल सर्व्हर नवा घ्यायला गेलात तर किंमत लाखाच्या घरात जाऊ शकते. दोन उपकरणांसाठी ते कोण घेणार? आम्ही जमवलं ते असं.

पहिली वस्तू, एक छोटा संगणक. रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक २०१२ च्या फेब्रुवारीत ३५ डॉलरला बाजारात आला, तेव्हापासून अशी कामं सामान्यांच्या आवाक्यात आली. आम्हाला एक वापरलेला मिळाला. घरात जुना लॅपटॉप पडून असेल तर तोही चालतो, शिवाय त्याची बॅटरी धड असली तर यूपीएस फुकट.

दुसरी, यूएसबीला लागणाऱ्या दोन कन्सोल वायरी, एक राउटरला आणि एक स्विचला. वायरीच्या डोक्यात एक चिप असते : एफटीडीआय, प्रोलिफिक, सीएच३४० वगैरे. नकली चिपांचा सुळसुळाट आहे. २०१४ साली एफटीडीआयच्या विंडोजवरच्या नव्या ड्रायव्हरने नकली चिपा निकामी करून टाकल्या होत्या, तेव्हा पुष्कळांना कळलं की आपण काय विकत घेतलं होतं.

तिसरी, सिमचं डोंगल, मुख्य जोडणीपेक्षा वेगळ्या कंपनीचं. आणि चौथी, राउटरचा असतो तसा छोटा यूपीएस. सगळं मिळून सात हजारांच्या आत बसलं.

जोडणी अशी. पेटीवर लिनक्स. तिच्यात एसएसएचने शिरायचं आणि पिकोकॉम, मिनिकॉम किंवा स्क्रीन यांपैकी एखादा प्रोग्राम चालवून निळ्या वायरीवर बोलायचं. उपकरणं जास्त असतील तर सेर-टू-नेट किंवा कॉनसर्व्हर वापरावा. कॉनसर्व्हर प्रत्येक वायरीवर काय बोललं गेलं ते सतत लिहून ठेवतो. हे फार मोलाचं आहे. राउटर रात्री तीनला कोसळतो तेव्हा जाता जाता काहीतरी बोलून जातो, आणि ऐकायला कोणी नसतं. ही वही ते शेवटचे शब्द टिपते.

आता अडचण अशी, की मोबाइलच्या सिमला बाहेरून गाठता येईल असा स्वतःचा पत्ता बहुधा मिळत नाही. हजारो ग्राहक एकाच पत्त्यामागे बसवलेले असतात. मग काय करायचं? आपण पेटीला फोन लावायचा नाही, पेटीने आपल्याला लावायचा. कुठेतरी दूर भाड्याने घेतलेल्या एका यंत्राकडे ती वायरगार्डचा बोगदा कायम उघडा ठेवते. आपण त्या यंत्रापर्यंत जायचं आणि उलट दिशेने बोगद्यातून पेटीत उतरायचं.

आणि इथे ते चक्रक दबा धरून बसलेलं होतं. आमच्या पेटीला दूरच्या यंत्राचं नाव दिलेलं होतं. नावावरून पत्ता शोधायला डीएनएस लागतो. पेटीचा डीएनएस होता वाचनालयाचा राउटर. म्हणजे राउटर वाचवायला पेटी, पेटीला बोगदा, बोगद्याला नाव, आणि नावाला पुन्हा राउटर! रोज सगळं छान चालत होतं, कारण राउटर चालू होता. एका रविवारी मुद्दाम राउटर बंद करून पाहिला तेव्हा पितळ उघडं पडलं. आता पेटीत थेट आकडी पत्ता लिहिला आहे, आणि पेटी मुख्य नेटवर्कला जोडलेलीच नाही.

हातून झालेल्या आणि टळलेल्या चुका

रास्पबेरी पायच्या उघड्या पिनांवरही सिरियल मिळते, पण ती ३.३ व्होल्टची. तिथे आरएस-२३२ ची वायर थेट जोडली तर बोर्ड जळेल. मध्ये पातळी बदलणारी चिप लागते. आमच्यासारख्यांनी सरळ यूएसबीची वायर घ्यावी.

पेटी पुन्हा चालू झाली की यूएसबी वायरींचे क्रमांक कधीकधी अदलाबदल होतात. काल जिथे राउटर होता तिथे आज स्विच. चुकून भलत्याच उपकरणाला आज्ञा जाते. म्हणून वायर कोणत्या भोकात आहे यावरून तिला कायमचं नाव द्यावं. चिपच्या अनुक्रमांकावर भिस्त ठेवू नये, कारण स्वस्त चिपांना तो पुष्कळदा नसतोच.

एक गंमत सांगतो. पेटीच्या सिरियल भोकावर तिची स्वतःची लॉगिनची विचारणा चालू राहिली तर काय होतं? पेटी राउटरला विचारते, 'कोण आहे?' राउटर ते उत्तर समजतो, 'चूक' म्हणतो आणि उलट विचारतो, 'कोण आहे?' दोन पहारेकरी रात्रभर एकमेकांना हटकत उभे. ती विचारणा बंद करून टाकावी.

वीज वारंवार जाते तिथे मेमरी कार्ड खराब होतं. कार्डावर काही लिहिलंच जाणार नाही अशी सोय रास्पबेरी पायच्या सेटिंगमध्ये आहे, ती वापरावी आणि नोंदवही वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवावी. खाऱ्या हवेने वायरींच्या टोकांवर गंज चढतो, तेव्हा गणपतीच्या आधी एकदा आणि शिमग्याच्या आधी एकदा वायरी काढून, पुसून, परत लावायच्या. आणि सिरियल वायर एका इमारतीतून दुसरीत नेऊ नये. मानकानुसार अंतर पंधरा मीटरच्या आसपास, पण खरं भय विजेच्या कडकडाटाचं आहे. दोन इमारतींचं अर्थिंग वेगळं असतं, आणि तो फरक नाजूक चिपवर उतरतो.

सुरक्षेबद्दल एकच बजावतो. कन्सोल ही घराची मागची खिडकी आहे. तिथून आत आलेला माणूस, उपकरण बंद-चालू करता आलं तर, पासवर्डही बदलू शकतो. म्हणून पेटीत प्रवेश फक्त किल्लीच्या फाइलने, पासवर्डने नाही. काम झालं की उपकरणातून लॉगआउट करायचं. वायर सोडून निघून गेलात तर उपकरणाला बहुधा ते कळत नाही, आणि पुढचा माणूस तुमच्याच नावाने आत असतो.

शिवाय एक उपाय फुकटचा आहे, आणि तो आम्हाला त्या रात्री ठाऊक असता तर हे व्याख्यानच झालं नसतं. जोखमीचा बदल करण्याआधी उपकरणाला सांगून ठेवायचं, की दहा मिनिटांत मी होकार दिला नाही तर पूर्ववत हो. ज्युनिपरमध्ये तशी आज्ञा आहे, मायक्रोटिकमध्ये सेफ मोड आहे, सिस्कोमध्ये, बदल जतन न करता, ठरावीक वेळाने पुन्हा चालू व्हायची आज्ञा देता येते. आधी हे, मग पेटी.

पेटी बिघडली तर?

राहिला चौथा दोष, अनवस्था. पेटीवर लक्ष ठेवायला दुसरी पेटी, तिच्यावर तिसरी? शास्त्रकार म्हणतात, कुठेतरी थांबायला हवं. आमच्याकडे थांबण्याची जागा म्हणजे माणूसच आहे. कपाटात एक जास्तीची निळी वायर, पाकिटात पासवर्ड, भिंतीवर मराठीत लिहिलेल्या सात ओळी. पेटी त्या माणसाला नाहीसा करत नाही. त्याला रात्री, पावसात जावं लागू नये एवढंच ती करते. पेटीही गेली तर सकाळपर्यंत नेट बंद राहील. राहू दे. हे आम्ही सगळ्या घरांना आधीच सांगून ठेवलं आहे.

महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही राउटर मुद्दाम तोडतो आणि पेटीतून शिरून बघतो. सहा महिन्यांत दोनदा पेटी गाठता आली नाही. एकदा सिमचं रिचार्ज संपलं होतं, एकदा कोणीतरी झाडताना यूएसबी ओढली होती. चाचणी घेतली नसती तर दोन्ही गोष्टी गरजेच्या वेळीच कळल्या असत्या.

शेवटी श्रोत्यांतून एक प्रश्न आला होता, तो इथे घेतो : 'सर, एवढा खटाटोप करण्यापेक्षा कोणालातरी पाठवणंच स्वस्त नाही का?'

हिशेबाने असेलही. इथून रत्नागिरी पंचवीसेक किलोमीटर, वाचनालय तर हाकेच्या टप्प्यावर. पेट्रोलचे पन्नास रुपये धरले तर सात हजार वसूल व्हायला कितीतरी फेऱ्या लागतील. पण त्या हिशेबात आम्ही मनगट धरलेलं नव्हतं. तो तरुण आता बरा आहे. पेटीतल्या वायरींना नावं त्यानेच दिली, आणि फायरवॉलच्या नियमांना हात लावण्याआधी आम्ही त्याला विचारायचं, असं त्याने आम्हाला बजावलेलं आहे. आम्ही विचारतो.